ताई, पैसे भरून मिटेल ना?

वाचकाचा मेल (जागेसाठी कापलेला, त्याच्या बाकीच्या मेलमधलंही काही उत्तरात आलंय):

ताई नमस्कार, मी मूळचा नाशिकचा, सध्या व्हर्जिनियात ॲशबर्नला. मी एच-वन-बीवर (नोकरीचा व्हिसा), बायको एच-फोरवर (माझ्या व्हिसावर अवलंबून असलेला). मागच्या महिन्यात नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला मित्राकडे सत्यनारायण होता, बायकोला बरं नव्हतं म्हणून एकटाच गेलो आणि रात्री परत येताना आय-८५ वर ब्रन्सविक काउंटीत ट्रूपरने (राज्याच्या हायवे पोलिसाने) थांबवलं. लिमिट ७० मैल, मी ९२ ला होतो. रस्ता पूर्ण मोकळा होता ताई, पुढेमागे कोणी नाही. त्याने तिकीट दिलं, सही घेतली, नोव्हेंबरची तारीख लिहिली. आता एक मित्र म्हणतो ऑनलाइन भर आणि विसर. दुसरा म्हणतो तुझा व्हिसा गेला. तिसरा म्हणतो जजसमोर सॉरी म्हण, फर्स्ट टाइम आहे, सोडतात. डिसेंबरमध्ये स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायला, मुंबईला जायचंय. ऑक्टोबरमध्ये सासू-सासरे येतायत, सासरे एसटीत ड्रायव्हर होते, विनाअपघात सेवेचा सत्कार झालेला माणूस. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. झोप उडालीये. – घाबरलेला

---

हे बघ, तीन मित्रांपैकी एकाचंही ऐकू नकोस. तिघांनाही तुझं बरंच व्हावं असं वाटत असणार, पण तो कागद कोणी नीट वाचलेला दिसत नाही आणि खरं सांगू का, तूही वाचलेला नाहीयेस. आत्ता काढ आणि बघ. त्यावर ४६.२-८६२ असा कलम नंबर असेल. व्हर्जिनियात या कलमाला रेकलेस ड्रायव्हिंग म्हणतात, लिमिटपेक्षा २० किंवा जास्त मैलांनी गाडी पळवली की लागू, आणि लिमिट काहीही असो, ८५ च्या वर गेलात की पण लागू. म्हणजे ७० च्या रस्त्यावर नुसता ८६ ला असतास तरी याच कलमात बसला असतास, आणि तू तर दोन्ही बाजूंनी बसलायस, २२ ने जास्त पण आणि ८५ च्या वर पण. २०२० च्या जुलैपर्यंत हा आकडा ८० होता, तेव्हापासून ८५ केलाय, तेवढीच काय ती दया.

आणि हा क्लास वन मिसडिमीनर आहे. म्हणजे गुन्हा. पार्किंगचा दंड किंवा टोल चुकवल्याचं बिल असतं त्या खात्यातली ही गोष्टच नाही. पुस्तकात लिहिलेली कमाल शिक्षा बारा महिने जेल आणि २,५०० डॉलर दंड, शिवाय कोर्ट सहा महिन्यांपर्यंत लायसन्स सस्पेंड करू शकतं. थांब, लगेच उशीत डोकं खुपसून रडू नकोस, कमाल म्हणजे कमाल, पहिल्यांदा सापडलेल्या, ९२ वाल्या, रेकॉर्ड साफ असलेल्या माणसाला सहसा जेल होत नाही, जज लोकांचं डोकं शंभरी ओलांडणाऱ्यांवर जास्त फिरतं असं इथले वकील सांगतात. पण कागदावर तो गुन्हाच आहे आणि दोषी ठरलास तर रेकॉर्डवर पण गुन्हा म्हणूनच राहील, हे आधी डोक्यात बसव, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

आपली गडबड होते ती सवयीमुळे. आपल्याकडे स्पीडचं चलन म्हणजे मोबाइलवर मेसेज, कॅमेऱ्याने काढलेला नंबर प्लेटचा फोटो, आणि मग कधीतरी लोकअदालत लागली की जाऊन मिटवू असं म्हणत सहा महिने ढकलायचं. त्यामुळे इथेही कागद हातात पडला की आपला माणूस पहिल्यांदा विचारतो, किती भरायचे? तुझ्या केसमध्ये ऑनलाइन भरायची सोयच नाहीये. रेकलेस ड्रायव्हिंग प्रीपे होत नाही, म्हणजे कोर्टात न जाता आधीच पैसे भरून मिटत नाही, कोर्टासमोर केस उभी राहणार म्हणजे राहणारच. त्या दिवशी तू किंवा तुझा वकील कोणीच गेलं नाही तर तुझ्या माघारी दोषी ठरवू शकतात, नाहीतर हजर न राहिल्याचा वेगळा गुन्हा आणि वॉरंट, आणि मग पुढच्या वेळी कुठल्यातरी एअरपोर्टवर किंवा साध्या टेललाइटसाठी थांबवल्यावर ते वर येणार. "भर आणि विसर" म्हणणाऱ्या मित्राला तेव्हा फोन करून बघ.

सहीचं पण सांगते, कारण नंतरच्या मेलमध्ये तू लिहिलंयस की "सही केली म्हणजे मी कबूल केलं का". नाही केलंस. ती सही म्हणजे कोर्टात येईन असं दिलेलं वचन, बाकी काही नाही. नकार दिला असतास तरी त्याने समन्सवर तसं लिहून तारीख दिलीच असती, तेव्हा वाद न घालता सही केलीस ते बरंच केलंस. ट्रूपरशी बोलताना किती वेगात होतो वगैरे काही बोलला असशील तर ते आत्ताच, आठवतंय तोवर, मराठीत का होईना एका कागदावर लिहून ठेव. किती वाजता, कुठल्या एक्झिटजवळ, रडारने पकडलं की मागे येऊन पेस केलं (तुझ्याच वेगाने गाडी चालवून वेग मोजला), तो काय म्हणाला, तू काय म्हणालास. वकील पहिल्यांदा हेच विचारणार आहे.

आता "रस्ता मोकळा होता" बद्दल दोन शब्द बोलून घेते मग विषय बंद. ९२ मैल म्हणजे आपले १४८ किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला गाड्यांना १०० ची मर्यादा आहे, तिथे दीडशेला जाणाऱ्याला तूच शिव्या घालशील. त्या वेगात एका सेकंदात गाडी ४१ मीटर जाते, लो बीमचा उजेड जिथवर पडतो तिथवर गाडी थांबणं शक्यच नाही, आणि ती सगळी बाजू जंगलाची, थंडी पडायला लागली की हरणं रस्त्यावर येतात. मोकळ्या रस्त्यावरच ती येतात रे. शिवाय कायद्याला रस्ता मोकळा होता की भरलेला याच्याशी घेणंदेणं नाही, आकड्याशी आहे. तेव्हा हे वाक्य कोर्टात चुकूनही तोंडातून काढू नकोस, "सगळेच त्या स्पीडला होते" हेही नको, हे ऐकून ऐकून तिथल्या माणसांचे कान किटलेत.

आता बायको. खरं तर तुझ्या मेलमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे आणि तू तो शेवटून दुसऱ्या ओळीत टाकलायस.

तुझी मेलबॉक्सची चावी कोणाकडे असते? कारण व्हर्जिनियातल्या ट्रॅफिक वकिलांना कोर्टाच्या यादीतून तुझं नाव नि पत्ता मिळतो आणि ते पत्रं पाठवतात. एक नाही, गठ्ठाच येतो. लांबडी पांढरी पाकिटं, आत तुझं नाव, काउंटीचं नाव, कोर्टाची तारीख आणि ठळक अक्षरात रेकलेस ड्रायव्हिंग, काहींमध्ये तर बारा महिन्यांच्या जेलचं वाक्य लाल रंगात. मागच्या महिन्यात पकडलंय म्हणतोस म्हणजे ही पत्रं एव्हाना आलेली असणार, एकतर तू ती लपवतोयस नाहीतर ती तिने बघितलीत आणि तू कधी सांगतोस याची वाट बघतेय. वर कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाकलं की केस दिसते, कोणालाही. तेव्हा हे लपून राहणाऱ्यातलं नाही.

आणि समजा राहणार असतं, तरी सांगायला हवंच होतं. ती एच-फोरवर आहे, तिचं इथलं राहणं तुझ्या स्टेटसला बांधलेलं आहे, तिचं डिसेंबरचं तिकीट (विमानाचं) तुझ्याबरोबर आहे, आणि पुढच्या मेलमध्ये तू लिहिलंस की ती अजून लर्नर परमिटवर आहे. म्हणजे उद्या तुझं लायसन्स महिनाभर जरी सस्पेंड झालं तरी सासू-सासरे घरात, बाहेर थंडी, आणि दूध आणायला गाडी चालवणारं कोणी नाही. हा तिच्या आयुष्याचा पण हिशोब आहे, तो तिला न विचारता तू एकटाच करत बसलायस. आज रात्री जेवणं झाली की कागद टेबलावर ठेव आणि सांग. "काही नाही गं, छोटंसं तिकीट" असं सुरू करू नकोस, कारण छोटं नाहीये आणि आठवड्याभराने तिला गूगलवरून कळेल. चिडेल. चिडू दे. वेगापेक्षा महिनाभर गप्प राहिलास यावर जास्त चिडेल, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

मग वकील. मी वकील नाही, इतकी वर्षं इथे राहून, आपल्या मंडळींच्या अशा केसेस बघून जे कळलं ते सांगतेय, त्यामुळे हा भाग वाचून वकिलाचे पैसे वाचवायला जाऊ नकोस. आणि ॲशबर्नजवळचा, ऑफिसातल्या कोणाचातरी ओळखीचा असा वकील घेऊ नकोस. ब्रन्सविकचं जनरल डिस्ट्रिक्ट कोर्ट लॉरेन्सव्हिलला आहे, तुझ्याकडून तीनेक तासांवर, तिथे रोज उभा राहणारा वकील बघ. तिथला जज कशाला महत्त्व देतो, कुठला ट्रूपर कसा आहे, हे त्यालाच माहीत. या केसेसना बहुतेक वकील एकरकमी फी सांगतात, दोनतीन ठिकाणी फोन कर, पहिलं बोलणं बऱ्याचदा फुकट असतं. विचारायचं काय, तर एक, मला स्वतः यावं लागेल की तुम्ही माझ्या वतीने उभे राहू शकता. दोन, ९२ वर या जजकडे साधारण काय होतं. तीन, अपील करायची वेळ आली तर त्याची फी वेगळी का. आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं की मी व्हिसावर आहे. हे लाजून शेवटी सांगायची गोष्ट नाही, यावर तो काय मागायचं ते ठरवतो. जो वकील फोनवरच "शंभर टक्के सोडवतो" म्हणेल तो सोडून दे.

आता तारखेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, खरं काम याच काळात होतं. डीएमव्हीतून, म्हणजे इथल्या आरटीओतून, स्वतःचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड काढ, साफ असेल तर ती तुझी सगळ्यात मोठी पुंजी. डीएमव्हीची मान्यता असलेला आठ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट कोर्स असतो, तो जजने सांगायच्या आत करून सर्टिफिकेट हातात ठेव, फक्त ऑनलाइन चालेल की वर्गात बसूनच हवा ते आधी वकिलाला विचार, काही जज त्यात खुसपट काढतात. आणि तिसरं म्हणजे स्पीडोमीटर कॅलिब्रेशन, हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. काही गॅरेजेस गाडीचा मीटर तपासून सही-शिक्क्याचा कागद देतात आणि व्हर्जिनियाच्या कायद्यात असा कागद कोर्टाने बघायची तरतूदच आहे. तुझा मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवत असेल, म्हणजे तुला वाटत होतं ८५ आणि होतास ९२, तर जजला त्याचा विचार करता येतो. उलटं निघालं, मीटर बरोबर किंवा जास्तच दाखवत असेल, तर तो कागद कोणी दाखव म्हणत नाही, शंभरएक डॉलर गेले म्हणायचं नि घरी ठेवायचा. मात्र गाडी जशी होती तशीच ने, मध्ये टायर बदलून मग तपासणीला जाऊ नकोस.

तिसऱ्या मित्राचं "सॉरी म्हण, सोडतात". बघ, सॉरी म्हणणं वाईट नाही, पण उभं राहून "गिल्टी, पण माझं जरा ऐका" असं केलंस की पहिल्या शब्दाला काम झालं, पुढचं ऐकायला कोणी बांधील नाही. एकदा गिल्टी म्हटलं की तो गुन्हा कबूल. वकील जे मिळवायचा प्रयत्न करतो ते असं की रेकलेसचं खाली आणून साधं स्पीडिंग किंवा इम्प्रॉपर ड्रायव्हिंग करायचं. इम्प्रॉपर ड्रायव्हिंग म्हणजे ट्रॅफिकचा किरकोळ प्रकार, गुन्हा नाही, दंड जास्तीत जास्त ५०० डॉलर, डीएमव्हीचे तीन डीमेरिट पॉइंट. रेकलेसचे सहा पॉइंट आणि डीएमव्हीच्या रेकॉर्डवर ११ वर्षं. अकरा! इथे जन्मलेलं पोर तोवर सहावीत जाईल. आणि हे डीएमव्हीचं झालं, गुन्ह्याचं रेकॉर्ड वेगळं, ते ११ वर्षांनी आपोआप पुसलं जात नाही. म्हणून दंड किती हा प्रश्नच चुकीचा आहे, दंड २०० डॉलर जास्त बसला तर बसू दे, कागदावर शेवटी कुठला शब्द उमटतो त्यासाठी भांडायचं.

"ट्रूपर आलाच नाही तर केस पडते ना" असंही कोणीतरी तुला सांगेलच. येतो तो. तारखाच ट्रूपरच्या कोर्टाच्या दिवसानुसार दिलेल्या असतात, त्या दिवशी त्याच्या सगळ्या केसेस एकापाठोपाठ असतात.

कोर्टाच्या दिवशी जावं लागलं तर आदल्या रात्रीच तिकडे जाऊन राहा, पहाटे तीन तास गाडी मारत उशीर होतोय म्हणून पुन्हा ९० ला जाऊ नकोस (हसू नकोस, असं झालेलं आहे). फोन आत नेऊ देत नाहीत बऱ्याच कोर्टांत, दारातल्या सिक्युरिटीपासून परत पाठवतात, त्यामुळे सर्टिफिकेट फोनमध्ये आहे असं चालणार नाही, सगळं छापून फाइलमध्ये, तीन तीन कॉप्या. इन केलेला शर्ट, साधी पँट. बाहेर भिंतीवर यादी लावलेली असते त्यात आपलं नाव शोध, आडनावाच्या जागी पहिलं नाव किंवा वडिलांचं नाव असू शकतं, आपल्या तीन नावांचं ते लोक काहीही करतात, आणि पुकारा पण असा करतील की तुला कळणारच नाही आपल्याला बोलावलंय, तेव्हा कान उघडे ठेव. काही काउंट्यांत या केसेसना सरकारी वकील नसतोच, ट्रूपर स्वतःच सांगतो काय झालं ते, आणि तुझा वकील आधी बाहेर पॅसेजमध्ये त्याच्याशी बोलून घेतो. तू त्या रात्री त्याच्याशी नीट बोलला होतास का याला इथे किंमत येते. तुझ्या मेलवरून वाटतंय की बोलला असशील, सर सर करत.

निकाल मनासारखा नाही लागला तर सर्किट कोर्टात अपील करता येतं, दहा दिवसांत, आणि तिथे केस पहिल्यापासून नव्याने चालते. दहा दिवस म्हणजे कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून, "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं की गेले.

लायसन्स सस्पेंड झालंच तर कामावर जाण्यापुरतं रिस्ट्रिक्टेड लायसन्स मागता येतं, ते त्याच दिवशी त्याच जजकडे मागायचं असतं, वकिलाला आधी सांगून ठेव. सस्पेंड असताना "इथेच कोपऱ्यावर तर जायचंय" म्हणून गाडी काढलीस तर तो परत एक क्लास वन मिसडिमीनर, आणि दुसऱ्या वेळी जज पहिल्यासारखा बोलत नाही. इन्शुरन्स वाढणार, रिन्यूअलला कंपनी रेकॉर्ड ओढते, तेव्हा आत्ताच दोनचार ठिकाणचे कोट घेऊन ठेव, बस.

आता व्हिसा, ज्याने तुझी झोप उडवलीये. दुसऱ्या मित्राला म्हणावं, व्हिसा असा उडून जात नाही. नुसत्या वेगाचं रेकलेस ड्रायव्हिंग, त्यात दारू नाही, अपघात नाही, कोणाला इजा नाही, हे इमिग्रेशनच्या भाषेत ज्याला नैतिक अधःपतनाचा गुन्हा म्हणतात त्यात सहसा धरत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवण्याची गोष्ट पूर्ण वेगळी, त्यात व्हिसा रद्द झाल्याचे ईमेल येतात लोकांना, तुझं ते नाहीये. पण तुझी भीती अगदीच हवेतली आहे असं पण म्हणणार नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो स्टुडंट्सचे सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) एकाएकी बंद केले होते, त्यात काही पोरांच्या नावावर किरकोळ ट्रॅफिकच्या केसेसशिवाय काही नव्हतं, कोर्टात धडाधड केसेस झाल्यावर ते परत चालू केले. तू स्टुडंट नाहीस, पण अशा वातावरणात कागदपत्रं पक्की असलेली बरी.

डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, प्रश्न आहे, कधी अटक झालीये का किंवा कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलायत का. केस खाली येऊन इम्प्रॉपर ड्रायव्हिंग झाली तर काय लिहायचं आणि रेकलेसमध्ये दोषी ठरलास तर काय लिहायचं, हे इमिग्रेशनच्या वकिलाकडून लिहून घे, माझ्याकडून नको आणि फेसबुकच्या ग्रुपवरून तर अजिबातच नको, तिथे प्रत्येकाच्या आतेभावाचं काहीतरी वेगळंच झालेलं असतं. एक मात्र मी ठामपणे सांगते, दोषी ठरलास तर "नो" वर टिक करायचं नाही. ज्या रेकलेस ड्रायव्हिंगने व्हिसा अडला नसता तो खोटं उत्तर दिल्याने अडतो, आणि खोटं बोलून व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला असा शिक्का बसला की तो आयुष्यभराचा, मग वेव्हर, म्हणजे त्यातून सूट, मागत फिरा. बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीपलीकडच्या माणसाच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते तुला माहीत नसतं, त्याला माहीत असतं.

कंपनीचा इमिग्रेशन वकील आहे म्हणालास. त्याला सांगायला हरकत नाही, पण तो कंपनीचाही वकील आहे हे लक्षात असू दे, तू त्याला सांगितलेलं एचआरपर्यंत जाऊ शकतं. म्हणून पहिला सल्ला एक तास पैसे मोजून बाहेरच्या वकिलाकडून घे, मग कंपनीत कोणाला काय सांगायचं ते ठरव. तुमच्या हँडबुकमध्ये मिसडिमीनर कळवायची अट असेल तर ती पण वाचून ने.

डिसेंबरच्या तिकिटांचं काय, तर निकाल लागायच्या आत देश सोडू नकोस एवढंच. नोव्हेंबरची तारीख पुढे ढकलली गेली, आणि वकिलाच्या सोयीने पण ढकलली जाते कधीकधी, तर स्टॅम्पिंग पण ढकल. विमानाचे पैसे जातील, जाऊ देत. निकाल लागला की त्याच दिवशी क्लार्कच्या खिडकीवर जाऊन निकालाची सर्टिफाइड कॉपी माग, शिक्क्याची, निदान दोन. एक मुंबईला घेऊन जायची, एक पासपोर्ट आणि आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद) ठेवतोस त्या फाइलमध्ये कायमची. पुढे ग्रीन कार्ड, मग सिटिझनशिप, तिथे तर नुसतं पोलिसांनी साइट केलंय का, म्हणजे तिकीट दिलंय का, इथपासून विचारतात, आणि पंधरा वर्षांनी त्या कोर्टात जुनी केस शोधायला जाशील तेव्हा मिळेलच असं नाही.

आणि तो चौथा मित्र, ज्याने रडार डिटेक्टरची लिंक पाठवली म्हणालास, त्याला ब्लॉक कर. व्हर्जिनियात रडार डिटेक्टर गाडीत वापरणंच बेकायदा आहे, राज्याच्या हद्दीवर तशा पाट्या पण आहेत, तू त्या ९२ ने मागे टाकल्या असशील.

राहता राहिले सासरे. त्यांना सांगू का, आणि सांगितलं तर काय म्हणतील, यावर तू मेलमध्ये जितकं लिहिलंयस तितकं कोर्टावर पण लिहिलेलं नाहीस, गंमतच वाटली. अरे, आयुष्यभर घाटातून लाल डबा चालवलेल्या माणसाने पोलीस, आरटीओ, कोर्ट, डेपो मॅनेजर सगळं बघितलेलं असतं, जावयाच्या एका चलनाने ते कोसळणार नाहीत. ओरडतील, आणि मग तुझ्या शेजारच्या सीटवर बसून दीड महिना "ब्रेक, ब्रेक" करतील, ते सहन कर. पण सांगायचं की नाही ते तू ठरवू नकोस, वडील तिचे आहेत, तिला ठरवू दे.

बाकी निकाल लागला की कळव. केस नंबर, गाडीचा नंबर काही लिहू नकोस, मागच्या मेलला तू समन्सचा अख्खा फोटोच जोडला होतास, तो मी डिलीट केलाय, तूही सेंटमधून काढून टाक.